हात उगारण्याआधीची गोष्ट

 

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे. देश लांबचा आहे, माणसं लांबची आहेत. पण सुरुवात आपल्याच एका बैठकीपासून करते, कारण ती बैठक झाली नसती तर मी या वाटेला गेलेच नसते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि मग विषय निघाला आमच्याच एका सदस्येच्या मुलीचा. पोरगी नववीत. शाळेत तिनं दुसऱ्या मुलीला स्टीलच्या पाण्याच्या बाटलीनं मारलं होतं. त्या मुलीच्या भुवईवर टाके पडले. गावभर चर्चा. बैठकीत दोघी-तिघी म्हणाल्या, "ताई, हिला गटातून काढा. पोरीला वळण लावता येत नाही, ती कर्ज काय फेडणार?" मीसुद्धा त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात बोलून गेले, "मुलगा असता तर एक वेळ समजलं असतं. मुलगी असून हात उगारते?"

तिची आई मान खाली घालून बसली होती. बैठक उठल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तिनं मारलं ते सगळ्यांनी बघितलं. तिनं आजवर किती खाल्लाय, ते कुणी मोजलंय का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बी.ए. झाले तो विषय इतिहास. सनावळ्या पाठ करून पास झाले, पण एखाद्या मुलीच्या रागालाही इतिहास असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्यांचं एक प्रशिक्षण होतं, तिथं इस्रायलमधल्या अरब मुलींवर झालेल्या अभ्यासांचा विषय निघाला. परिस्थितीनं कोपऱ्यात ढकललेल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी हाणामारीकडे का वळतात, असा प्रश्न. मी वाचत गेले. आज तेच तुम्हाला सांगते.

इस्रायल म्हटलं की आपल्या रायगडच्या बायकांना ते नाव काही अगदी परकं नाही. आपल्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', शेकडो वर्षं इथं राहिले. अलिबागला इस्रायल आळी अजून आहे, तिथलं प्रार्थनाघर आहे. माझी आजी त्या आळीत दोन घरी कामाला जायची. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि ही मंडळी हळूहळू तिकडे निघून गेली. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत त्यांनी संसार मांडले. तिथं त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. सुरुवातीला त्यांनाही त्या देशात दुजाभाव सोसावा लागला. त्यांच्या लग्नसंबंधांवर धर्मगुरूंनी शंका घेतल्या, तेव्हा त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली बरोबरीचा मान मिळवला.

आजी सांगायची, "आमच्या बाई रामल्याला गेल्या." लहानपणी मला वाटायचं, रामला म्हणजे पेणच्या पलीकडचं एखादं गाव असेल. त्याच रामल्यात, त्याच लोदमध्ये, आपल्या मराठी बोलणाऱ्या माणसांच्या शेजारच्या वस्तीत राहतात त्या अरब मुली, ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. १९४८ च्या लढाईत पॅलेस्टाईनमधले सात लाखांहून अधिक अरब लोक घरादाराला मुकले. काही जीव घेऊन पळाले, काहींना हाकलून लावलं. त्या जुलै महिन्यात लोद आणि रामला या दोन गावांतूनच हजारो अरबांना सैन्यानं बाहेर काढलं. भर उन्हात, पोरंबाळं काखेत घेऊन बायका चालत गेल्या. मोजकी कुटुंबं मागे राहिली. रिकाम्या झालेल्या घरांत निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू लोक राहायला आले. त्यांतले पुष्कळसे स्वतःच छळाला कंटाळून, युद्धातून जीव वाचवून आलेले होते. दुःखी माणसाच्या घरात दुसरा दुःखी माणूस राहायला आला, असा तो सगळा प्रकार.

नव्या देशात साधारण दीड लाख अरब उरले. त्यांना नागरिकत्व मिळालं, मतदानाचा हक्क मिळाला. पण अरब वस्तीच्या बहुतेक भागावर १९६६ सालापर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, लष्करी अंमल होता. गावाबाहेर जायचं तर परवाना. कामावर जायचं तर परवाना. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं तरी परवाना. मोठ्या प्रमाणावर जमिनी सरकारजमा झाल्या. कालचा शेतकरी आज ज्यू शहरांत इमारतीच्या कामावर रोजंदारीला जाऊ लागला. पुढे १९७६ च्या मार्चमध्ये जमिनी घेण्याविरुद्ध संप झाला, त्यात सहा जण मारले गेले. ३० मार्च हा दिवस तिथले अरब लोक आजही 'भूमी दिन' म्हणून पाळतात.

तुम्ही म्हणाल, ताई, यात मुली कुठं आल्या? तेच तर सांगते आहे. इतिहासाच्या पुस्तकात जमीन येते, लढाई येते, संप येतो. घरात काय घडलं ते येत नाही.

ज्या बापाच्या हातातून जमीन गेली, ज्याला रोज नाक्यावर शिपायासमोर कागद दाखवावा लागतो, मुकादमाचं ऐकून घ्यावं लागतं, त्याच्या हातात स्वतःचं म्हणून काय उरतं? घर उरतं. बायको आणि पोरी उरतात. त्यांनी कुठं जायचं, काय घालायचं, कुणाशी बोलायचं, एवढ्यावरच त्याचा हुकूम चालतो. मनार हसन नावाच्या एका अरब समाजशास्त्रज्ञ बाईंनी याबद्दल फार स्पष्ट लिहिलं आहे. तिकडे 'हमुला' असतं. आपल्याकडे भावकी म्हणतो, तसंच. सरकारला अरब समाजावर ताबा ठेवायचा होता, म्हणून त्यानं या भावक्यांच्या म्होरक्यांना हाताशी धरलं. त्यांच्यामार्फत कामं करून दिली, त्यांच्यामार्फत मतं घेतली. मग एखादी मुलगी मारहाणीला घाबरून घरातून पळाली, पोलिसांकडे गेली, तर काय व्हायचं? पोलिस तिला म्होरक्यांच्या शब्दावर पुन्हा त्याच घरी पोचवायचे. "तुमच्या समाजाचा आतला मामला आहे." त्यातल्या काही मुली नंतर जिवंत राहिल्या नाहीत.

म्हणजे बघा, वरून सरकारचा दाब आणि आतून भावकीचा. दोघांचं एकमेकांशी बरं जमलेलं. मधल्या मधे पोरगी.

शाळेचं काय? १९४९ साली तिथं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. कायदा सगळ्यांसाठी एकच, पण अरब गावांत वर्गखोल्या अपुऱ्या, शिक्षिका थोड्या, आणि गावात वरचे वर्ग नसले की मुलीची शाळा तिथंच थांबायची. १९५० साली मुलींच्या लग्नाचं वय सतरा ठरवलं गेलं. ते अठरा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. कागदावर सतरा असलं तरी पळवाटा होत्याच. आपल्याला हे काही नवीन नाही.

सगळ्यात बिकट हाल दक्षिणेकडच्या वाळवंटातले. नेगेव म्हणतात त्या भागाला, अरब लोक नकब म्हणतात. तिथं बदाऊन राहतात, म्हणजे पूर्वी उंट-मेंढ्या घेऊन हिंडणारे अरब. १९४८ नंतर त्यांना एका ठरावीक पट्ट्यात आणून ठेवलं. १९६५ साली बांधकामाचा नवा कायदा आला आणि त्यांच्या कित्येक वस्त्या एका फटक्यात बेकायदा ठरल्या. नकाशावर गावाचं नावच नाही. नाव नाही म्हणून वीज नाही, नळ नाही, डांबरी रस्ता नाही. घर बांधलं तर पाडायची नोटीस. सरकारनं काही गावं वसवली. त्यातलं रहात हे सगळ्यात मोठं. पण शेती आणि गुरं सोडून तिथं गेलेल्या माणसांना काम कुठं होतं? ही गावं आजही देशातल्या सगळ्यात गरीब गावांत मोजली जातात.

त्या भागातली अबू तुलूल नावाची वस्ती. तिथं माध्यमिक शाळा नव्हती. जवळची शाळा कित्येक किलोमीटर लांब. मुलगे जायचे. मुलींना मात्र घरचे परक्या मुलांबरोबर एकाच बसमध्ये पाठवायला तयार नव्हते. आठवी झाली की बहुतेक मुली घरी. २००५ साली या मुलींच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, की आमच्या गावात शाळा द्या. सरकारला शाळा देण्याचं कबूल करावं लागलं, तरी प्रत्यक्ष वर्ग भरायला आणखी काही वर्षं गेली. मैत्रिणींनो, आपल्याकडे मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे. तरी मुक्कामाची गाडी बंद झाली की कोणाची शाळा आधी सुटते, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून अबू तुलूलच्या त्या पोरी मला आपल्याच वाटल्या. न्यायालयात शाळा मागायला गेलेल्या पोरी त्या. आणि त्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतल्या काही पोरींची नावं मारामारीसाठी पोलिसांच्या वहीत जातात. दोघींत फरक कशानं पडतो? अभ्यास करणाऱ्यांनी हाच प्रश्न धरला.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अरब मुली म्हणजे मारकुट्या, असा अर्थ कुणी काढू नका. सगळीकडे असतं तसं तिथंही मुलांपेक्षा मुलींत हाणामारी कमीच. शिवाय आज इस्रायलच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या अरब विद्यार्थ्यांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. म्हणजे दोष रक्तात नाही, धर्मात नाही, भाषेत नाही. अरबांमध्ये मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. प्रश्न मोजक्या मुलींचा आहे, ज्यांच्या वाट्याला सगळीकडून अडचणच आली.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मुहम्मद हज-याहिया आणि मोना खौरी-कसाबरी हे दोन अरब प्राध्यापक आहेत. समाजकार्य हा त्यांचा विषय. घरातली मारहाण, शाळेतली मारहाण आणि तरुण पोरांचं वागणं यांचा संबंध त्यांनी वर्षानुवर्षं तपासला. राष्ट्रीय पातळीवरही शाळांमधल्या हिंसेच्या मोठ्या पाहण्या झाल्या. त्यांतून जे पुढे आलं, ते मी आपल्या गटाच्या भाषेत सांगते.

एखाद्या बाईचा एक हप्ता चुकला म्हणून गट बुडत नाही. आजारपण येतं, पाऊस येत नाही, एखादा महिना तसाच जातो. पण हप्ता चुकला, त्यात नवऱ्याचं काम सुटलं, त्यात सावकाराचं व्याज चढलं, आणि गटातही कुणी बोलेनासं झालं, की मग ती बाई कोलमडते. मुलीचंही तसंच. एका कारणानं कुणी हात उगारत नाही. कारणं साचत जातात.

पहिलं कारण घरातलं. आईला मार खाताना बघणं आणि स्वतः मार खाणं. जी मुलं घरात मारहाण बघतात, ती पुढे स्वतः मारहाण करण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लहान पोरीला वाटतं, ज्याचा हात वर त्याचंच खरं. भांडण मिटवायची दुसरी रीत तिनं बघितलेलीच नसते.

दुसरं कारण जरा बारकाईनं ऐका. मुलीवर नजर ठेवणं वेगळं आणि मुलीची विचारपूस करणं वेगळं. या घरांत मुलीवर नजर फार. ती कुठं गेली, कधी आली, ओढणी कशी घेतली. पण तिला काय झालं, कशानं रडली, हे विचारणारं कुणी नाही. भाऊ रात्री अकराला आला तरी चालतं. हिला दारात उभं राहिलं तरी ओरडा. नुसत्या बंधनानं मुलगी सुरक्षित होत नाही. ती फक्त लपवायला शिकते. ज्या घरांत आईबाप मुलांशी बोलतात, ऐकून घेतात, तिथल्या मुलांत हाणामारी कमी, हेही अभ्यासांतच आलं आहे.

तिसरं कारण सगळ्यात अवघड. मुलीवर कुणी वाईट हात टाकला, तर ती सांगणार कुणाला? सांगितलं तर घराण्याची अब्रू गेली. दोष तिचाच. लग्न मोडणार, कदाचित जिवावर बेतणार. म्हणून ती गिळून टाकते. गिळलेलं दुःख जिरत नाही, ते कुठून तरी बाहेर पडतं. एखादी स्वतःच्या हातावर चरे ओढते. एखादी दुसरीच्या झिंज्या उपटते. 'तुझं अमक्याबरोबर आहे' एवढं एक वाक्य वर्गात कुणी उच्चारलं तरी अशा मुलीच्या डोक्यात आग भडकते, कारण त्या वाक्यानं काय होऊ शकतं हे तिला पक्कं ठाऊक असतं. आपल्याला वाटतं क्षुल्लक कारणावरून मारलं. तिच्यासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

चौथं कारण शाळा. शाळांच्या पाहणीत असं दिसलं की शिक्षकांकडून मार आणि अपमान झाल्याचं अरब मुलांनी ज्यू मुलांपेक्षा जास्त प्रमाणात सांगितलं, आणि गरीब वस्तीतल्या शाळांत ते अधिक. वर्ग भरगच्च, मन मोकळं करायला समुपदेशक अपुरे. घरी मार, शाळेत मार. मग मधल्या सुट्टीत काय होणार?

पाचवं कारण वस्ती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथल्या अरब वस्त्यांत टोळ्या, बेकायदा बंदुका आणि खंडणीचं प्रमाण फार वाढलं. २०२३ या एका वर्षात देशात दोनशेहून अधिक अरब नागरिकांचे गुन्हेगारीत बळी गेले. रात्री गोळ्यांचे आवाज ऐकत मोठ्या होणाऱ्या पोरीला शांतपणा कुठून शिकवायचा?

आणि सहावं कारण म्हणजे पोलिसांवर विश्वास नसणं. जिथं आजोबांच्या पिढीनं पोलिस म्हणजे परवाना मागणारा, जमीन घ्यायला येणारा माणूस एवढंच बघितलं, तिथं नात संकटात सापडली तर ती पोलिस चौकीची पायरी चढेल का? २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारात तेरा अरब मारले गेले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं २००३ साली स्पष्ट म्हटलं, की सरकारनं अरब नागरिकांकडे दुर्लक्ष केलं, त्यांना दुजाभावानं वागवलं. मदतीचं दार बंद आहे असं वाटलं की माणूस आपला निवाडा आपल्याच हातांनी करतो. मुलगीही तेच करते. आपल्यावर कुणी हात टाकण्याआधी आपणच हात उगारायचा.

म्हणून मी म्हणते, त्या पोरीची गोष्ट तिनं मारलं त्या दिवसापासून सुरू होत नाही. पोलिसांची वही त्या दिवशी उघडते. गोष्ट आजोबांच्या जमिनीपासून सुरू झालेली असते.

पण इतिहासात नुसता दाबच नसतो, त्याच्यातून वाट काढणाऱ्या बायकाही असतात. १९९१ साली 'अल-फनार' नावाची अरब स्त्रियांची संघटना उभी राहिली. अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या खुनांविरुद्ध या बायका उघडपणे रस्त्यावर आल्या. "आपल्या समाजाची लाज चव्हाट्यावर आणता," असं त्यांना घरच्यांनीच सुनावलं. त्यांनी ऐकलं नाही. १९९२ साली नाझरेथमध्ये 'हिंसेविरुद्ध स्त्रिया' ही संस्था सुरू झाली. नाझरेथ म्हणजे इस्रायलमधलं एक मोठं अरब शहर. या संस्थेनं अरबी भाषेत मदतीचा फोन सुरू केला, मार खाणाऱ्या अरब बायकांसाठी आसराघर उघडलं. आपल्या भाषेत रडता येणं ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्यानं परक्या भाषेच्या सरकारी कचेरीत अर्ज केला आहे त्यालाच कळेल. या संस्थेच्या संस्थापकांपैकी आयदा तूमा-सुलैमान २०१५ साली तिथल्या संसदेत निवडून गेल्या आणि स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या संसदीय समितीच्या अध्यक्षही झाल्या.

कायदाही हळूहळू बदलत गेला. १९९१ साली घरगुती हिंसेविरुद्ध कायदा झाला. २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आईबापांनी शिस्तीच्या नावाखालीही मुलांना मारणं चालणार नाही.

आणि आता पुन्हा रामला. २००७ च्या जानेवारीत तिथं एका तरुण अरब मुलीचा खून झाला. नुकतीच कुठं अठरा-एकोणीस वर्षांची. त्या विस्तारलेल्या कुटुंबात याआधीही अनेक बायका अशाच मारल्या गेल्या होत्या आणि दर वेळी सगळ्या गप्प राहिल्या होत्या. या वेळी मात्र घरातल्या बायका गप्प बसल्या नाहीत. आई आणि तिच्याबरोबर नात्यातल्या बायकांनी पोलिसांसमोर जबान्या दिल्या. मुलीच्या भावाला अटक झाली. विचार करा, पोटच्या मुलाविरुद्ध बोलायला त्या आईला काय लागलं असेल. पण तिनं पाहिलं, की आज बोललो नाही तर उद्या दुसऱ्या पोरीची पाळी आहे.

तेरा वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, गुन्हेगारीत मुलं गमावलेल्या अरब आया हैफाहून जेरुसलेमपर्यंत पायी गेल्या. पोलिसांनी आमच्या मुलांचे मारेकरी शोधावेत, एवढीच मागणी. त्यात कुणी मोठी पुढारी बाई नव्हती. साध्या आया होत्या.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. ज्या मुलींच्या वाट्याला एवढं सगळं येतं, त्यांतल्याही बहुतेक जणी हात उगारत नाहीत. का? कुठं ना कुठं एक धागा टिकलेला असतो. ऐकून घेणारी आई, अपमान न करणारी एखादी शिक्षिका, घराजवळची शाळा, आपल्या भाषेत उचलला जाणारा फोन. धोके सहा असले तरी आधार एक असला तरी पोरगी सावरू शकते. एकही नसला तर मात्र ती तिच्या परीनं लढते, आणि ते लढणं आपल्याला गुन्हा म्हणून दिसतं.

याचा अर्थ मारलं ते बरोबर, असं नाही. ज्या मुलीच्या भुवईवर टाके पडले, तिचं दुखणं खरंच आहे. तिच्या आईचा रागही खरा आहे. कारण समजून घेणं म्हणजे माफ करून मोकळं होणं नव्हे. पण कारण न समजता केलेली शिक्षा म्हणजे साचलेल्या कारणांत आणखी एकाची भर.

आमच्या गटाचं पुढे काय झालं, ते सांगते. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्या आईची माफी मागितली. जीभ अडखळली, पण मागितली. मग आम्ही तिच्या घरी गेलो. घरात काय चाललं होतं ते मी रेडिओवर सांगणार नाही, तो त्यांचा मामला आहे. एवढंच सांगते, की पोरीचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायला आम्हाला तीन खेपा लागल्या. पहिल्या दोन खेपांना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिसऱ्या खेपेला तिनं आम्हाला पाणी आणून दिलं. त्याच स्टीलच्या बाटलीतून.

दोन्ही आयांना समोरासमोर बसवायला महिना गेला. टाक्यांचा खर्च तिच्या आईनं गटातून कर्ज काढून दिला आणि आता हप्ते नियमित येत आहेत. पोरगी दहावीत गेली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मध्येच तिचा पारा चढतो. पण आता चढला की ती आमच्या गटातल्या एका मावशीच्या घरी जाऊन बसते. मावशी काही विचारत नाही, लसूण सोलायला देते.

तुमच्याही गटात, वस्तीत, नात्यात अशी एखादी पोरगी असेल. तिनं कुणाला मारलं हे गावाला माहीत असेल. तिनं किती खाल्लं, ते एकदा मोजून बघा. आणि मोजायला वही लागत नाही. तिच्या शेजारी थोडा वेळ बसावं लागतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.